परसातील चहा

सकाळचा पहिला चहा चुलीवर चढविण्यापूर्वी घरातील कोणीतरी परसदारी जावे आणि गवती चहाची तीन-चार पाती कापून आणावीत, हा आमच्या घरचा रिवाज आम्ही समजू लागल्यापासून पाहत आलो. पाती आणणाऱ्याच्या बोटांना दव लागलेले असे आणि क्वचित एखादा बारीकसा चिराही पडलेला असे. त्या गवताच्या कडा मोठ्या धारदार! आजही आमच्या घरी हा क्रम अखंड चालू आहे, असे वाचकांना सांगता आले असते तर आम्हांस फार आनंद झाला असता. परंतु मध्यंतरी पाच-सहा वर्षे तो खंडित झाला होता, आणि तो दोष सर्वस्वी आमचा होता. त्या दोषाची कबुली देणे आणि त्यातून जे शिकलो ते आपल्या मंडळींपुढे ठेवणे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

आमचे तिगाव पांढुर्ण्याच्या पुढे, नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहे. इटारसीकडे निघालेली गाडी तिगाव सोडते आणि थोड्याच वेळात सातपुड्याचा घाट चढू लागते. पूर्वी आम्ही छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असू. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. जमीन बहुतेक काळी, पिके कापसाची, तुरीची, ज्वारीची, आणि बागा संत्र्यांच्या. घराघरांत बोली मराठी, कचेरीत आणि शाळेत हिंदी, असे हे दुपेडी आयुष्य आमच्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे.

आमची आई वरूडची. १९५१ साली ती लग्न होऊन तिगावला आली, तेव्हा वरूड आणि तिगाव एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. सासरी येताना तिच्या आईने रुखवताच्या सामानाबरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक ठोंबही दिला. आईने तो न्हाणीच्या सांडपाण्यावर लावला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, वरूड मुंबई राज्यात गेले आणि तिगाव मध्य प्रदेशात राहिले. आईच्या माहेर-सासरच्या मधून सीमारेषा गेली. त्या ठोंबाचे मात्र तोवर चांगले मांडीएवढ्या घेराचे बेट झाले होते.

या वनस्पतीचे नाव गवती चहा असले, तरी चहाशी तिचे काडीचेही नाते नाही. चहा हे कॅमेलिया कुळीतील सदाहरित झाड आहे. खुडले नाही तर ते चांगले वृक्षाएवढे वाढते. गवती चहा हे नावाप्रमाणेच गवत. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला ऊस आणि ज्वारी यांच्याच गोतावळ्यात बसवितात. म्हणजे आपण ज्या पातेल्यात साखर आणि गवती चहा एकत्र उकळतो, त्यात नकळत दोन चुलत भावंडांची भेट घडवीत असतो! त्याहून जवळचे त्याचे भावंड आमच्या डोंगरातच आहे. सातपुड्याच्या उतारांवर रोशा नावाचे सुगंधी गवत उगवते. मराठीत त्याला तिखाडी असेही म्हणतात. बैतूल, निमाड, खानदेश या भागांत त्याच्या भट्ट्या लावून तेल काढीत. ते मुंबईमार्गे थेट तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. आमच्या डोंगरातील गवताने सुलतानाच्या अत्तरदाणीपर्यंत मजल मारली होती, ही गोष्ट आम्ही शाळेतील मुलांना मोठ्या अभिमानाने सांगत असू. भेसळीचा भाग तेवढा गाळून!

खरा चहा आपल्या मराठी घरांत आला, तो मात्र सहजासहजी आला नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे काही वर्षे धुमसत राहिला. एका पेल्याने एवढे रामायण घडविले. आमच्या आजोबांच्या लहानपणी चहा हा ताप-पडशावरचा काढा समजला जाई. परसातील गवताला ‘चहा’ ही पदवी मिळाली तीही साहजिकच त्या नव्या पेयाचे घरात बस्तान बसल्यानंतर. नाव उसने, पण गुण स्वतःचा, असा हा प्रकार आहे.

आता आमच्या अपराधाकडे वळतो. २०१५ च्या सुमारास आमचे कनिष्ठ चिरंजीव नोकरीनिमित्त आसामात जोरहाटला होते. तेथे टोकलाई येथे १९११ पासून चहाचे संशोधन केंद्र आहे, आणि भोवती जिकडे तिकडे चहाचे मळे. आम्ही उभयता त्याच्याकडे महिनाभर राहून आलो. कमरेएवढी छाटलेली, हिरव्या गालिच्यासारखी सपाट झाडे, पाठीवर टोपल्या घेऊन ‘दोन पाने आणि एक कळी’ खुडणाऱ्या बायका, कारखान्याच्या दारातच येणारा तो पानांचा ओलसर वास, हे सर्व पाहून आमचे डोके फिरले. सेवानिवृत्तीचे दिवस, हाताशी रिकामा वेळ. तिगावात आपल्या परसात चहाचे झाड लावावे आणि स्वतःच्या झाडाचा चहा पाहुण्यांना पाजावा, या कल्पनेने आम्हांस झपाटले. निघताना एका रोपवाटिकेतून पाच रोपे घेतली आणि रेल्वेच्या डब्यात पायांशी ठेवून, वाटेत बाटलीने पाणी शिंपीत, घरी आणली.

त्याच वर्षी परसातील चिखलाला कंटाळून आम्ही अंगण सिमेंटचे करविले. न्हाणीजवळचे बेट त्याच्या आड येत होते. आईला जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. गवंड्याने विचारले, “गुरुजी, याचं काय करू?” आम्ही म्हणालो, “काढून टाक. गवतच आहे, कुठेही लावता येईल.” सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, निदान दोन ठोंब तरी कुंडीत लावून ठेवा.” आम्ही हो म्हटले आणि विसरलो. दोन दिवस ते बेट भिंतीशी उन्हात पडून होते, तिसऱ्या दिवशी विटांच्या तुकड्यांबरोबर गाडीत गेले. त्या जागी चहाच्या पाच कुंड्या मांडल्या. चौसष्ट वर्षांचे बेट आम्ही दोन दिवसांत घालविले, आणि तेव्हा त्याचे काही वाटलेही नाही.

चहाची रोपे पहिल्या पावसाळ्यात तरारली. हिवाळ्यात पाने पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधला भाग पिवळा. संत्र्याच्या बागाइतदारांना हे दुखणे नवे नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, त्याचे ते लक्षण. चहाला तर आम्लधर्मी जमीन लागते. तिचा सामू साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान असावा लागतो. आमची काळी माती सातच्या वरची आणि विंधनविहिरीचे पाणी असे की पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरावा. त्या पाण्याने आम्ही रोज प्रेमाने रोपांना विष पाजीत होतो. शिवाय आसामात जो पाऊस वर्षभर कमीअधिक पडत राहतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास आमच्याकडे पडतो, आणि तोही चार महिन्यांत आटोपतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चहाची कोवळी पाने कागदासारखी करपतात.

हार मानणे आमच्या स्वभावात नाही. आम्ही घाटाच्या बाजूची तांबडी मुरमाड माती आणली, तीत कुजलेला पालापाचोळा मिसळला, छपराचे पावसाचे पाणी पिंपांत साठविले आणि उन्हाळ्यात कुंड्यांवर गोणपाटाचा मांडव घातला. पाचांतील तीन रोपे तरीही गेली. दोन राहिली. २०१९ च्या श्रावणात त्या दोन झाडांवरून आम्ही खुडणी केली. कोवळी पाने तराजूत घातली, ती चाळीस ग्रॅम भरली. रात्रभर सुपात पसरून ती मलूल होऊ दिली. सकाळी तळहातांवर चोळून वळली, ओल्या फडक्याखाली दोन-तीन तास ठेवून तांबूस होऊ दिली आणि मग मंद तव्यावर वाळविली. साधारणतः साडेचार किलो हिरव्या पानांचा एक किलो चहा होतो, तेव्हा आमच्या वाट्याला जेमतेम नऊ ग्रॅम आला. त्याचे चार पेले झाले. शेजारच्या काकांना समारंभपूर्वक बोलावले. ते एक घोट घेऊन विचारात पडले आणि म्हणाले, “चांगला आहे, गुरुजी. फक्त यात गवती चहा असता तर बहार आली असती. तुमच्या आईंच्या हातचा असे तसा.” चार वर्षांच्या खटाटोपाचे एवढे फळ आमच्या पदरी पडले.

तरीही आमचे डोळे पुरते उघडले नव्हते. ते २०२० च्या चैत्रात उघडले. टाळेबंदी लागली, बाजार ओस पडले आणि घरोघरी काढे उकळू लागले. गल्लीतील बायका पूर्वीच्या सवयीने आमच्या परसदाराशी येत, आणि अंतर राखून विचारीत, “काकू, थोडा गवती चहा मिळंल का?” त्यांना ठाऊक होते की गावात कोठे नसला तरी येथे असतोच. सौभाग्यवती मान खाली घालून नाही म्हणत. एका सकाळी अशा तीन जणी परत गेल्या. आईचे एक वाक्य होते: “मागाले आलेल्याले रिकाम्या हातानं धाडू नोको.” ती पाने मागणाऱ्याला पाने देई, पण दुसऱ्यांदा आलेल्याला ठोंबच उपटून देई आणि म्हणे, “आता आपल्या दारी लाव, म्हंजे मले त्रास नाही.” त्रासाचे ते निमित्त असे. त्या सकाळी आम्हांस कळले की आपण केवळ गवत काढून टाकले नव्हते, एक चालते दार बंद केले होते.

शोध सुरू केला. आईने ज्यांना ठोंब दिले होते त्या घरांची एकेक करून चौकशी केली. कोणाचे परस राहिले नव्हते, कोणी घर सोडून नागपुरास गेले होते, कोणाकडे एका कडक उन्हाळ्यात बेट वाळले होते. अखेर आमच्या थोरल्या बहिणीला, ताईला, दूरध्वनी केला. तिचे यजमान रेल्वेत, नोकरीचा बहुतेक काळ बिलासपुरात गेला, आणि घरही तेथेच झाले. लग्नानंतर प्रथम सासरी निघाली तेव्हा आईने तिलाही ओल्या गोणपाटातला ठोंब दिला होता. ताई हसून म्हणाली, “अरे भाऊ, माझा तर कधीच मेला होता. क्वार्टर बदललं त्या वर्षीच.” आमचा चेहरा पडला. पण ती पुढे म्हणाली, “शेजारच्या छत्तीसगढी वहिनीला मी आधीच दिला होता ना. तिच्याकडून मी परत आणला. आता दोघींकडे आहे, आणि तिच्या लेकीच्या सासरीही आहे.”

२०२१ च्या आषाढात ताई स्वतः तो ठोंब घेऊन तिगावला आली. गोणपाटाऐवजी जुन्या ओल्या टॉवेलात गुंडाळलेला होता, एवढाच फरक. आम्ही सिमेंटचे दोन हात अंगण फोडविले. गवंडी तोच होता. तो काही बोलला नाही, आम्हीही बोललो नाही. ठोंब लावला आणि पहिले नवे पाते फुटेपर्यंत आम्ही दिवसातून दोनदा तेथे जाऊन उभे राहत असू.

या वनस्पतीचे एक वैशिष्ट्य येथे सांगितले पाहिजे. लागवडीतील गवती चहाला फुलोरा क्वचितच येतो, बी तर जवळजवळ धरतच नाही. त्याची वाढ होते ती केवळ ठोंब फोडून, एकाने दुसऱ्याला देऊन. म्हणजे आज आमच्या दारी जे गवत आहे ते आईच्या बेटाचे वंशज नव्हे, ते तेच बेट आहे. वरूडहून तिगाव, तिगावहून बिलासपूर, एका मराठी घरातून छत्तीसगढी घरात आणि तेथून फिरून पुन्हा आमच्या दारी. आम्ही राखले असते तर ते राहिले असते हे खरे. पण आम्ही राखले नाही, तरी ते राहिले, कारण आईने आणि ताईने ते वाटले होते. आपण परप्रांतातील मराठी माणसे आपली बोली, आपले सण, आपल्या घरच्या रीती कशा टिकतील याची पुष्कळ चिंता करतो आणि त्यांना कुंपण घालावे असे आपणांस वाटते. आमची चिंता काही मिटलेली नाही. पण गवताच्या या प्रवासाने आम्हांस एवढे शिकविले, की जे आपण शेजाऱ्याच्या दारी लावून ठेवतो, ते आपल्या हातून सुटले तरी परत मागून आणता येते.

ज्या वाचकांना परसात किंवा गच्चीवरील कुंडीत चहाची ही सामग्री करावयाची असेल, त्यांच्यासाठी आमचा थोडा अनुभव देतो. गवती चहाचा ठोंब आषाढ-श्रावणात लावावा. पाती वीतभर ठेवून वरची छाटावीत, मुळे उन्हात उघडी ठेवू नयेत. दोन ठोंबांत दोन हात अंतर असावे. बुंध्यापासून चार बोटे वर पाती कापली तर फुटवे जोमाने येतात. तीन वर्षांनी बेट दाटते व मधून वाळू लागते, तेव्हा ते फोडून वाटावेच लागते. चहा करताना पाती फार वेळ खदखदवू नयेत. तिचा सुवास उडून जाणाऱ्या तेलाचा असतो, म्हणून शेवटी घालून पातेल्यावर झाकण ठेवावे. आले अक्षय्यतृतीयेच्या सुमारास रुंद कुंडीत, भुसभुशीत मातीत, डोळा वर करून लावावे. आठ-नऊ महिन्यांनी ते काढणीस येते. पुदिना बाजारच्या जुडीतील काड्या पाण्यात ठेवूनही मुळे धरतो. त्याला अर्धी सावली द्यावी आणि कुंडी वेगळी ठेवावी, कारण तो शेजाऱ्याची जागा बळकावतो. तुळशीच्या मंजिऱ्या वेळीच खुडल्या तर पाने भरपूर येतात. लाल बोंडांची अंबाडी मृगात पेरली की हिवाळ्यात तिची आंबट बोंडे वाळवून ठेवता येतात. त्यांचा लालभडक काढा दुधाविना, गूळ घालून घ्यावा. आमच्याकडे संत्र्यांची ददात नाही. फवारणी न केलेल्या झाडाच्या फळाची साल, आतला पांढरा भाग खरवडून, सावलीत वाळवावी. तिचा एक तुकडा साध्या चहालाही वेगळी चव देतो. हे सर्व चवीसाठी आहे, औषध म्हणून नव्हे. गर्भवती स्त्रियांनी आणि नित्य औषधे घेणाऱ्यांनी काढ्यांचा अतिरेक न करता वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारावे, हे बरे.

आणि खरे चहाचे झाड? ज्यांची जमीन तांबडी, आम्ल आणि निचऱ्याची आहे त्यांनी ते अवश्य लावून पाहावे. पूर्वी आपल्याच मध्य प्रदेशात असलेल्या आणि आता छत्तीसगढात गेलेल्या जशपूरच्या डोंगरात, सारूडीह येथे, चहाची बाग उभी आहे. काळ्या मातीच्या प्रदेशातील मंडळींनी मात्र आमच्यापेक्षा कमी अपेक्षा बाळगाव्यात. आमच्या दोन झाडांपैकी एक अजून जगले आहे. पावसाच्या पाण्यावर ते तग धरून आहे आणि गेल्या कार्तिकात त्याला पिवळ्या केसरांची दोन पांढरी फुले आली. आम्ही आता त्याची पाने खुडीत नाही. पाहुण्यासारखे आले आहे, पाहुण्यासारखे राहो.

गेल्या दिवाळीत भोपाळहून आमची नात आली होती. तिचे शिक्षण हिंदीत, मराठी कळते पण बोलताना अडखळते. सकाळी तिला आम्ही पाती आणावयास पाठविले. ती बोट चोखीत परत आली आणि म्हणाली, “आजोबा, ये घास काटती है!” मग थोड्या वेळाने, चहाचा पेला हाती घेऊन, तिने विचारले, “याचं झाड मला देणार का? आमच्या बाल्कनीत लावीन.” आम्ही म्हणालो, “झाड नव्हे गं, ठोंब म्हणतात.” तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. निघण्याच्या दिवशी सौभाग्यवतींनी एक ठोंब ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवला. लावण्याचा हंगाम तो नव्हे, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही बोललो नाही. न जगल्यास पुन्हा देऊ.

तिगावावरून जाणाऱ्या वाचकांपैकी कोणास हवा असल्यास त्यांनीही जरूर उतरावे. आमचे परसदार उघडे असते.